वरसाव्याची बाळंतीण

मी एकदा एका मुलीची सगळी मेहनत रोज सकाळी, चहाच्या आधी, कचऱ्यात टाकत होते, आणि वर तिच्याकडूनच 'काकू, तुमचे पिंजरे किती छान असतात हो' अशी शाबासकी घेत होते. एक-दोन दिवस नव्हे, अख्खा पावसाळा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी एखादं शहाणपणाचं वाक्य बोलले तर वाचणाऱ्याने फसू नये.

नवरात्र आलं की मला हे आठवतं. आमच्या नवघरच्या सोसायटीत घटस्थापनेच्या आठवडाभर आधीपासून गरब्याची प्रॅक्टिस सुरू होते. गुजराती, मारवाडी, आम्ही मराठी, वरच्या मजल्यावरचे यूपीवाले, सगळ्यांची पोरं पार्किंगमध्ये जमतात, स्कूटरी बाहेर काढायला लावतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलबेन शिट्टी फुंकून त्यांना उंचीप्रमाणे उभं करतात. "हाइट वाइज बेटा, हाइट वाइज." माझी नात ओवी दरवर्षी पहिली. पहिली म्हणजे सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत बुटकी. यंदा ती रुसून वर आली आणि पंख्याखाली आडवी होऊन म्हणाली, "आजी, मी वाढतच नाहीये."

"बरंय की," मी म्हटलं, "उंच माणसाला जळमटं काढायला बोलावतात."

ती हसली नाही. मी हसले, तेही फक्त तोंडाने. खालून हेतलबेनची शिट्टी, ऑक्टोबरचा अंगाला चिकटणारा उकाडा, मिठागरांकडून येणारा तो ओलसर खारट वास, आणि उंचीप्रमाणे लावलेली लहान पोरांची रांग. एवढं एकत्र आलं की मी पंचवीसेक वर्षं मागे जाते आणि वरसाव्याला पोचते, उंदरांच्या खोलीत.

घोडबंदर रस्त्यावर, वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे, तेव्हा एका खाजगी संशोधन संस्थेची दुमजली इमारत होती. आता तिथे लग्नाचा हॉल आहे, आणि जिथे उंदरांच्या खोलीचं दुहेरी दार होतं तिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात. मी तिथे उंदीर सांभाळायला होते. नवरा शेजारपाजारी सांगायचा, 'मिसेस रिसर्चमध्ये आहेत.' सासूबाई सांगायच्या, 'सून उंदीर पाळते.' सासूबाईंचं बरोबर होतं. मी बी.एस्सी. झालेली, सेकंड क्लास, पण मान मात्र डिस्टिंक्शनवालीसारखी ताठ. पांढरा कोट मी घरी आणून इस्त्री करायचे. संस्थेत धुलाईची सोय होती तरी. बाल्कनीत वाळत घातला की चाळीला दिसावा म्हणून.

उंदीर म्हटलं की लोकांना गटारातली घूस आठवते. आमचे काळे कुळकुळीत होते, मखमलीसारखे. पिल्लं जन्मतात तेव्हा नागडी आणि गुलाबी असतात, पोटात दूध गेलं की कातडीतून ते पांढरं दिसतं. एखादं पिल्लू प्यायलंय की नाही हे लांबून कळतं. माणसाच्या पोरांनाही देवाने अशी खिडकी ठेवायला हवी होती. किती आया सुखी झाल्या असत्या, आणि किती पोरांच्या पाठीतले धपाटे वाचले असते.

माझं माहेर राईचं. खाडीला लागून वडिलांची वाडी होती. मुळा, लाल माठ, मेथी. आता त्यातल्या अर्ध्या भागावर टॉवर आहे, उरलेल्या अर्ध्यावर टॉवरवाल्यांचं पार्किंग. लहानपणी आईने मला विरळणी शिकवली. दाट उगवलं की वाफ्यात उकिडवं बसायचं आणि बारीक रोपं चिमटीत धरून उपटत जायचं. "बारकं उपट गो, जाडं ऱ्हाऊ दे," आई म्हणायची. दयामाया करायची नाही. बारकं ठेवलं तर दोन्ही मरतात. माझा हात त्यात चांगला होता. माझा वाफा बघून लोक म्हणायचे, पोरीने फणीने भांग पाडलाय.

नोकरीतल्या पहिल्या खोलीतही तेच काम निघालं. तिथे नुसते साधे, निरोगी उंदीर वाढवायचे असत. एकेका आईपाशी सहा-सात पोसलेली पिल्लं ठेवायची, किडकी काढून टाकायची. किडक्या पिल्लाला तिथे 'रंट' म्हणत. मी मनात म्हटलं, ही तर विरळणी. आणि लागले कामाला. मग पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली दुसऱ्या खोलीत झाली, मृणालच्या उंदरांच्या.

मृणाल दापोलीची. डॉक्टरेट करायला आलेली, सडसडीत, एक वेणी, डब्यात रोज तांदळाची भाकरी. तिच्या उंदरांच्या एका जनुकात खोट होती. आईत अर्धी, बापात अर्धी. दोघं दिसायला ठणठणीत. पण दोघांकडची खोट एकाच पिल्लात उतरली की ते चार-पाच दिवसांत भावंडांच्या मागे पडायचं. हातपाय काड्या, अंगाला वाढ नाही, पोट तेवढं टम्म, कारण आत यकृत भलतंच मोठं. चारांतलं साधारण एक असं निघायचं. मृणालला तेच हवं होतं. बाकीची तीन नुसती शेजारी ठेवून ताडून बघायला.

यातलं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारलं तर कमी शिकलेली दिसेन, ही भीती. मृणालला वाटलं काकूंना माहीतच असणार. काकू पांढरा कोट घालून इतक्या ठामपणे वावरत होत्या की कुणालाही तसंच वाटलं असतं.

तर मी माझे वाफे साफ ठेवत होते. मृणाल दहाव्या दिवशी पिल्लांच्या शेपटीचं टोक घ्यायची, तपासायची, आणि दरवेळी दोन्हीकडची खोट असलेलं एकही पिल्लू सापडायचं नाही. श्रावण गेला. तिने तपासायची रसायनं बदलली. ती रात्रंदिवस स्वतःच्या चुका शोधत होती. तिचे सर म्हणाले, उंदरांची ही ओळच, म्हणजे हा वंशच, बहुतेक बिघडला, बंद करू या. तिची फेलोशिप दिवाळीला संपायची होती. त्यानंतर दापोलीला घरी, आणि घरी एका मुलाचा फोटो येऊन पडला होता. हे सगळं तिने मला सांगितलं ते भाद्रपदातल्या एका सकाळी, कपडे बदलायच्या खोलीत, आम्ही चहा घेत होतो तेव्हा.

"काकू, मलाच काही जमत नाहीये. एकसुद्धा छोटं पिल्लू येत नाही हो. सगळी कशी एकसारखी गुटगुटीत."

"छोटं येईल कुठून," मी बशीत चहा ओतत म्हटलं, "मी ठेवते का?"

तिला वाटलं मी गंमत करतेय. माझी तशी ख्याती होतीच. "म्हणजे?"

"म्हणजे काढते ना मी. रोज सकाळी, तू यायच्या आत. बारकी उगाच दूध पितात, जगत तर नाहीत. तुला कधी किडकं पिल्लू दिसलं का माझ्या पिंजऱ्यात? सांग बरं."

हे मी अभिमानाने विचारलं. आजही आठवलं की पदर तोंडावर घ्यावासा वाटतो.

मृणालने कप खाली ठेवला. बशीत नीट बसला की नाही ते पाहिलं, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाली, "किती काढली असतील?" मला सांगता आलं नाही. मुळ्याची रोपं उपटताना कोण मोजतं. ती उठून हात धुवायला गेली, आणि बराच वेळ धूत राहिली.

मग तिने मला समजावलं. शांतपणे, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं. आपण जेवतो त्यातली साखर यकृत साठवून ठेवतं आणि पोट रिकामं झालं की थोडी थोडी सोडतं. या पिल्लांना साठवता येतं, सोडता येत नाही. "काकू, तुमच्याकडे भाताची कणगी असते ना? कणगी गच्च भरलेली, आणि काढायचं भोक बुजलेलं. घर उपाशी." म्हणून यकृत फुगतं आणि अंग वाळतं. अशी माणसाची मुलंही असतात, ती म्हणाली. त्यांना आया दटावतात, खात नाहीस म्हणून.

मी त्या संध्याकाळी घरी गेले आणि नेमकं तेच केलं. माझी स्नेहल, म्हणजे आताची ओवीची आई, तेव्हा तिसरीत होती आणि वर्गात सगळ्यांत लहान चणीची. तिला तसा काहीही आजार नव्हता, नुसती बारीक होती, माझ्या सासऱ्यांच्या वळणावर गेलेली. पण मी तिला तुपात बुडवलेला भात भरवायचे, गिळला नाही की मांडीला चिमटा काढायचे. ती पोळीचे तुकडे कपाटामागे टाकायची. मुंग्यांची रांग लागली की मला कळायचं, मग पुन्हा चिमटा. घरी एका बारकीसाठी जीव टाकणारी ही बाई दिवसा दुसऱ्यांची बारकी पिल्लं डब्यात घालत होती, आणि एवढ्या महिन्यांत या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकदाही एकमेकींना भेटल्या नाहीत. माणसाच्या डोक्यातही दुहेरी दारं असतात, एक उघडं असताना दुसरं उघडत नाही.

मृणालच्या माद्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. एक तेवढी गाभण राहिली, ती शेवटची. कानाला खाच असलेली, अंगावरचे केस विरळ झालेली. पितृपक्ष संपायला तीन-चार दिवस असताना ती व्याली. सासूबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "पितरं आली असतील परत, उंदीर होऊन. नीट वाग त्यांच्याशी." मी त्या वेळी कुणाशीही नीट वागायला तयार होते.

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही दोघी पिंजऱ्यावर वाकून बसलो. हातांना त्याच पिंजऱ्यातला भुसा चोळला, म्हणजे आईला परका वास येऊ नये. पिल्लं एकेक करून तळहातावर घेतली. आणि ते होतं. भावंडांच्या ढिगाच्या कडेला ढकललं गेलेलं, सुरकुतलेलं, पोटात दुधाचा जेमतेम एक ठिपका. मृणाल माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, हे जगायला हवं. दसरा होईपर्यंत तरी." यकृताची तपासणी त्या वयात करायची होती. तितका वाढलेला एक जीव तिला हवा होता. न मिळाला तर दिवाळीला ट्रंक भरायची.

म्हणजे बघा कसं. त्याला जगवायचं, ते दसऱ्यानंतर त्याचं पोट उघडता यावं म्हणून. त्या खोलीत मारणे हा शब्द कुणी वापरत नसे, 'सॅक्रिफाइस' म्हणत. बाहेर देवी बसत होती.

आता उलटी विरळणी सुरू झाली. बारक्याला दूध मिळावं म्हणून जाडी पिल्लं काढायची. सगळी काढून चालत नाही. एकट्या पिल्लाला आई दूध पुरेसं सोडत नाही, आणि ऊबही राहत नाही. म्हणून बारकं आणि दोन भावंडं ठेवली, बाकीची पहिल्या खोलीतल्या एका बाळंत मादीकडे दिली, तिच्या भुशात घोळवून. तिने हुंगलं आणि पोटाखाली ओढून घेतली. मृणालच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. त्या पिल्लांत अर्धी खोट असलेली असणारच, म्हणजे ओळ पुढे चालणार होती.

त्याच संध्याकाळी वरसाव्याच्या मंडळाने आमच्या कुंपणाला लागून स्पीकर लावले. काळी कपाटं, एकावर एक. सकाळी मी दार उघडलं तर दत्तक दिलेली पिल्लं नव्हती. घाबरलेली उंदरीण पिल्लं खाते. पुस्तकात असतं ते, पण भुशातला तो लालसर ओलावा पुस्तकात नसतो. जुनी आई मात्र तिघांवर पसरून बसली होती, कान मागे पाडून, थरथरत. त्या एका रात्रीत तिने काय ठरवलं आणि कसं, देवाला ठाऊक. पण अजून आठ रात्री होत्या.

मृणाल जमिनीवर बसली. म्हणाली, "आता नाही हो होत माझ्याने." आणि मी, सेकंड क्लास, कोट काढून ठेवला आणि कुंपणापलीकडे गेले.

मंडपात दोन-तीन पोरं वायरी जोडत होती. मी म्हटलं, "अरे, या पेट्या पलीकडे तोंड करून लावा ना. आवाज आत येतो."

"मावशी, कंपनीला काय त्रास? संध्याकाळी तर बंद असते ना."

"आत राहतात."

"कोण राहतंय?"

उंदीर म्हटलं असतं तर त्यांनी आणखी एक स्पीकर आणला असता. मी म्हटलं, "बाळंतीण आहे आत. बाळ फार अशक्त आहे. आवाजाने दचकतं."

पोराने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "ऑफिसात बाळंतीण?"

"वॉचमनची नातेवाईक. गावाहून आली, जागा नाही." खोटं बोलताना मी कधीच अर्ध्यावर थांबत नाही.

पोरांनी पेट्या फिरवल्या. आवाजही कमी केला. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमन धावत आला. "मॅडम, गेट पे औरतें आयी हैं. पूछ रही हैं किसकी डिलिवरी हुई है. मैं क्या बोलूँ?"

गेटवर ठमाबाय होती. वरसाव्यातली, साठीची, नऊवारीचा काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मंडळातल्या त्या पोराची आजी. मागे दोन सुना. तिच्या हातात सूप, सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू. नवरात्रात गावात परकी बाळंतीण आली आणि तिची ओटी भरली नाही, असं होत नाही, ती म्हणाली. मी राईची आहे हे तिला माझ्या बोलण्यावरून लगेच कळलं, आणि मग मला ऑफिसातली भाषा बोलता येईना.

"काय झालं गो? पोरगा का पोरगी?"

"पोरगी," मी म्हटलं. ते खरं होतं, बारकं मादीच होतं.

"अंगावर पितं?"

"पितं. पन अंगी लागत न्हाय."

"बारक्या पोरी चिवट असतात. दाखव, जरा बघतं तिला."

"सोयर हाय अजून, ठमाबाय. सोयरातली बाळंतीन कशी दाखवू?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तिला सांग, गरम पानीच पी. आनि पोराला उघडं ठेवू नको."

मी ते सूप घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेले. मृणालने खण बघितला, नारळ बघितला, मग मी काय केलं ते ऐकलं, आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता लाडू खाल्ला. आम्ही दोघींनी मिळून सगळे लाडू संपवले. बाळंतिणीला चालत नव्हते. तिचं खाद्य ठरलेलं होतं.

ते दिवस मला आता एका लांबच लांब श्वासासारखे आठवतात, आत घेतलेला आणि सोडायचा राहिलेला. ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब बारीक नळीच्या टोकावर घ्यायचा, तिच्या ओठांना लावायचा, वाट बघायची. जीभ हलली तर आमचा दिवस चांगला. भावंडांच्या अंगावर काळी लव आली, तिची कातडी तशीच सुरकुतलेली राहिली. त्यांचे कान उभे राहिले, हिचे डोक्याला चिकटलेले. पोट मात्र वाढत होतं. बोटाने नुसतं टेकलं तरी आत काहीतरी घट्ट, भरलेलं लागायचं. संध्याकाळी निघताना मृणाल म्हणायची, "उद्या असेल ना?" आणि मी म्हणायचे, "असेल." या एका शब्दापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. परतीच्या बसमध्ये काशीमिऱ्यापर्यंत जिथे तिथे मंडप, टिपऱ्या, नटलेल्या मुली. मला त्या गर्दीत नुसती ती फुगलेली पोटाची गोळी दिसायची, आणि देवीला काय मागावं ते कळायचं नाही. जगू दे म्हणायचं, तर कशासाठी?

घरी मी मृणालशी फोनवर बोलायचे ते स्नेहल ऐकत असायची. अष्टमीला मी तिच्यापुढे ताट ठेवलं तेव्हा तिने विचारलं, "आई, मी रंट आहे का?"

एखाद्या शहाण्या आईने तिला जवळ घेतलं असतं. मी म्हटलं, "गप्प जेव." मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच कढई घासली, घासलेलीच.

दसरा झाला. ती होती. डोळे उघडायच्या बेतात होते. दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सर आले, मृणालने टेबल मांडलं, आणि मला म्हणाली, "काकू, पिंजरा आणता?" मी आणला. फक्त बारकी नव्हे, दोन भावंडंही लागणार होती. त्याच आईची, त्याच दुधावरची निरोगी पिल्लं शेजारी असल्याशिवाय आजाऱ्याचं काही ठरत नाही. हे मला एव्हाना ठाऊक होतं. तरी तिन्ही पिल्लं आईच्या पोटाखालून काढताना माझी बोटं मला नको तेवढी सराईत वाटली. आईने माझं बोट चावलं नाही. हुंगलं. माझ्या हाताला तिच्याच भुशाचा वास होता.

मृणालने मला बाहेर थांबायला सांगितलं, मी थांबले नाही. फार वेळ लागला नाही. भावंडांची यकृतं डाळिंबाच्या दाण्यासारखी, लाल, तुकतुकीत. हिचं फिकट, पिवळट, फुगलेलं, आतडी एका कोपऱ्यात सारून बसलेलं. मृणालचा चिमटा हवेत थांबला. मला म्हणाली, "बघा काकू, किती होतं तिच्याकडे." आणि मग तिने मास्क वर सरकवला आणि कामाला लागली, कारण कापलेलं ऊतक थांबत नाही, लगेच नासतं.

त्या एका पिल्लाने काय झालं? फार काही नाही. एकावर काही सिद्ध होत नसतं, सरांनी ते लगेच सांगितलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या सुंदर निघाल्या, मृणालला मुदत वाढवून मिळाली, आणि पुढे तिने बारीकसा का होईना प्रबंध पुरा केला. उंदरांची ती ओळ मात्र तिथेच संपली. आता ती कोकणात एका कॉलेजात शिकवते, दर दसऱ्याला फोन करते, आणि मी टाकलेल्या पिल्लांचा विषय आजवर तिने एकदाही काढलेला नाही. तिचा हा चांगुलपणा मला शिवीपेक्षा जड जातो. स्नेहल पाच फूट एक इंचावर थांबली आणि सुखाने नांदतेय. परवा ओवी रुसून जेवायची थांबली तेव्हा स्नेहलनेच मला डोळ्यांनी दटावलं, 'आई, एक शब्द नको.' मी ताट झाकून ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. खाली रांग लागली होती. पुढे जागा एका पोरीची रिकामी.

त्या दिवशीचं तेवढं सांगायचं राहिलं. टेबल पुसून, तिन्ही पिल्लं पिशवीत बंद करून, मी कोट काढला आणि नेहमीच्या वेळेला बाहेर पडले. एकट्या उरलेल्या आईचा पिंजरा मी मांडणीवर परत ठेवला होता, खाद्य-पाणी बघितलं होतं की नाही ते आठवत नव्हतं. बसथांब्यावर ठमाबाय बसली होती, मंडपाची उतरलेली तोरणं पोत्यात भरून. मला बघून सरकली, जागा केली.

"पोरगी कशी हाय गो आता?"

खोटं बोलायला मी कधी कमी पडले नाही. त्या दिवशी पडले. म्हटलं, "गेली, ठमाबाय. आज सकाली."

तिने पोत्याचं तोंड सुतळीने आवळून बांधलं. बस लांबून दिसायला लागली होती. मी उठले, पर्स सावरली. तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "पोर गेलं ते गेलं. पन आईचं दूध तं न्हाय ना गेलं अजून. तिला आज एकटी सोडून तू घरी कशी चाललीस गो?"